एका स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर : गरज, निवड आणि जोडणी



इतिहासाच्या शिक्षकाने ॲम्प्लिफायरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेली काही वर्षे आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी भेटले की एक प्रश्न हमखास निघतो. कोणी पहिल्या पगारातून घरासाठी स्पीकरची जोडी घेतलेली असते. तिच्या पाठीमागे दोनऐवजी चार टर्मिनल असतात. दुकानदाराने किंवा मित्राने सांगितलेले असते, की या स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर लावल्यास आवाज दुप्पट खुलतो. बाजारात तळहातावर मावणारे 'क्लास डी' ॲम्प्लिफायर काही हजार रुपयांत मिळतात. मग एकाऐवजी दोन घ्यावेत काय, आणि घ्यायचे तर कोणते?

हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर शोधताना मी एक यंत्र गमावले, काही पैसे गमावले आणि बरेच काही शिकलो. ज्याला कष्टाचा पैसा जपून खर्च करावयाचा आहे, त्याने ऐकीव गोष्टींवर विसंबून राहू नये, स्वतः मापून पाहावे, या हेतूने तो अभ्यास येथे पाठाच्या रूपाने मांडतो.

१. 'क्लास डी' म्हणजे काय?

ॲम्प्लिफायरला आपल्या पाठ्यपुस्तकी भाषेत विवर्धक म्हणतात. मोबाईल, सीडी प्लेअर किंवा टेपरेकॉर्डर यांतून येणारा विद्युत संकेत अत्यंत क्षीण असतो. त्याच आकाराचा, पण स्पीकरचा पडदा हलवू शकेल इतका बलवान संकेत निर्माण करणे हे विवर्धकाचे कार्य होय.

जुन्या पद्धतीच्या विवर्धकात ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखा काम करतो. जितका प्रवाह हवा तितका तो सोडतो आणि उरलेली ऊर्जा स्वतःत उष्णतेच्या रूपाने जिरवतो. पंख्याचा जुना, मोठ्या डब्यासारखा रेग्युलेटर आठवा. पंखा हळू फिरविला की तो डबा तापत असे. 'क्लास बी' प्रकाराची कार्यक्षमता गणिताने जास्तीत जास्त ७८.५ टक्के येते. घरगुती 'क्लास एबी' यंत्रात प्रत्यक्ष वापरात ती याहून बरीच कमी भरते. म्हणून अशा यंत्रांना जड ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे मोठे पंख लागतात.

क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टर नळासारखा नव्हे, तर बटणासारखा वागतो. तो पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद. घरातील इस्त्रीचे उदाहरण घ्या. तिचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. परंतु तिची उष्णता सरासरीने एका पातळीवर राहते. दिवा अधिक काळ लागला तर इस्त्री अधिक तापते. क्लास डी विवर्धक हीच युक्ती सेकंदाला सुमारे ४ ते ६ लाख वेळा करतो. संकेत मोठा असेल तेव्हा 'चालू' अवस्थेचा काळ लांबतो, लहान असेल तेव्हा आखूड होतो. शेवटी एक कॉईल आणि एक कपॅसिटर यांची चाळणी या स्पंदांची सरासरी काढते आणि स्पीकरला मूळ आकाराचा संकेत पोहोचतो. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असलेल्या बटणात ऊर्जा फारशी वाया जात नाही. म्हणून कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. यंत्र लहान होते, हलके होते आणि कमी तापते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. 'डी' म्हणजे 'डिजिटल' नव्हे. ए, बी, सी या वर्गांनंतरचे पुढचे अक्षर म्हणून ते नाव पडले, इतकेच.

२. थोडा इतिहास

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तयार केलेल्या 'ऑडिऑन' या नळीपासून इलेक्ट्रॉनिक विवर्धनाचे युग सुरू झाले असे मानतात. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर अवतरला. चालू-बंद पद्धतीने विवर्धन करण्याची कल्पना १९५० च्या दशकातली असून ती ब्रिटिश अभियंता अ‍ॅलेक रीव्हज यांच्या नावावर नोंदली जाते. १९६४ साली इंग्लंडमधील सिंक्लेअर कंपनीने 'एक्स-१०' नावाचा संच विक्रीस आणला. परंतु त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाने चालू-बंद होण्यास समर्थ नव्हते. कल्पना योग्य होती, साधन अपुरे होते. वेगवान 'मॉसफेट' जातीचे ट्रान्झिस्टर आले, तेव्हा कुठे १९७० च्या दशकाच्या अखेरीस सोनीसारख्या कंपनीने या तत्त्वावरचे घरगुती यंत्र काढले.

पुढे 'ट्रायपाथ' या अमेरिकन कंपनीच्या चिपमुळे स्वस्त आणि छोटे विवर्धक सर्वसामान्यांच्या हाती आले. फिलिप्स कंपनीत काम करीत असताना ब्रुनो पुटझेस यांनी २००१ च्या सुमारास अंतिम चाळणीनंतरचा संकेत पुन्हा तपासून दोष सुधारणारी रचना सिद्ध केली. त्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत क्लास डी यंत्रे जुन्या पद्धतीच्या उत्तम यंत्रांच्या पंक्तीत येऊन बसली. आज टेबलावर मावणाऱ्या अनेक यंत्रांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची 'टीपीए३११६' किंवा 'टीपीए३२५५' ही चिप असते. आपल्या निवडीचा विचार मुख्यतः याच वर्गापुरता आहे.

३. एका स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर कशासाठी?

घरातील बहुतेक चांगल्या स्पीकरच्या पेटीत किमान दोन घटक असतात. मोठा वूफर खर्जाचे व मधले स्वर देतो, लहान ट्वीटर तीव्र स्वर देतो. दोघांमध्ये कामाची वाटणी करणाऱ्या मंडलास क्रॉसओव्हर म्हणतात. दोन घटकांच्या पेटीत ही वाटणी साधारणतः २,००० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास होते.

ज्या पेटीला चार टर्मिनल असतात, तिच्यात क्रॉसओव्हरचे दोन भाग स्वतंत्र बाहेर काढलेले असतात. वरची जोडी ट्वीटरची, खालची वूफरची. एरवी धातूच्या दोन पट्ट्या या जोड्यांना एकत्र बांधतात, एक तांबड्या टर्मिनलांवर आणि दुसरी काळ्या टर्मिनलांवर. पट्ट्या काढून प्रत्येक जोडीला वेगळा विवर्धक लावणे म्हणजे बायॲम्पिंग. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील फरक ध्यानी घेतल्याशिवाय कोणतीही खरेदी करू नये.

पहिला प्रकार निष्क्रिय बायॲम्पिंगचा. येथे पेटीतील क्रॉसओव्हर तसाच राहतो. दोन्ही विवर्धकांना संपूर्ण संकेत मिळतो आणि दोघेही संपूर्ण व्होल्टेज निर्माण करतात. पेटीतील मंडल नको असलेल्या स्वरांचा प्रवाह तेवढा अडविते.

दुसरा प्रकार सक्रिय बायॲम्पिंगचा. येथे संकेताची वाटणी विवर्धकाच्या आधीच, इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हरमध्ये होते. पेटीतील मंडल काढून टाकलेले असते. प्रत्येक विवर्धक फक्त आपल्या हिश्श्याचे स्वर हाताळतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या क्षणी खर्जाच्या स्वरास १० व्होल्टचे शिखर हवे आहे आणि तीव्र स्वरासही १० व्होल्टचे. एकच विवर्धक असेल तर शिखरांची बेरीज होऊन त्यास २० व्होल्टपर्यंत जावे लागेल. ८ ओहमच्या स्पीकरसाठी शिखर-व्होल्टेजवरून वॅट काढण्याचे सूत्र असे : व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. म्हणजे ४०० भागिले १६, बरोबर २५ वॅट. सक्रिय पद्धतीत प्रत्येक विवर्धकास १० व्होल्टच पुरतात. १०० भागिले १६, म्हणजे सव्वासहा वॅटचे दोन विवर्धक. दोघांची बेरीज साडेबारा वॅट, आणि काम मात्र २५ वॅटच्या एका विवर्धकाचे. हा लाभ खरा आहे.

निष्क्रिय पद्धतीत मात्र दोन्ही विवर्धकांना २० व्होल्टपर्यंत जावेच लागते. जो विवर्धक २० व्होल्ट देऊ शकत नाही त्याचे शिखर दोन्हीकडे छाटले जाईल. म्हणून '५० वॅट आणि ५० वॅट मिळून १०० वॅट' ही दुकानातली बेरीज या पद्धतीस लागू पडत नाही.

निष्क्रिय पद्धतीचा एक मर्यादित लाभ आहे, तो विद्युतधारेचा. दोन विवर्धक दोन प्रकारे लावता येतात. एक विवर्धक दोन्ही वूफरना आणि दुसरा दोन्ही ट्वीटरना, ही आडवी मांडणी. एक संपूर्ण विवर्धक डाव्या पेटीला आणि दुसरा उजव्या पेटीला, ही उभी मांडणी. वूफर सर्वाधिक विद्युतधारा ओढतो. आडव्या मांडणीत दोन्ही वूफरचा भार एकाच ॲडॅप्टरवर पडतो, म्हणजे पूर्वीच्या स्थितीत फारसा फरक पडत नाही. उभ्या मांडणीत प्रत्येक ॲडॅप्टरवर एकच वूफर येतो. छोट्या यंत्रात ॲडॅप्टर हाच दुबळा दुवा असल्याने, करायचेच असेल तर उभी मांडणी करावी.

४. निवडीचे निकष

(अ) खोक्यावरील वॅटचा आकडा वाचण्याआधी ॲडॅप्टर वाचा. टीपीए३२५५ या चिपच्या अधिकृत माहितीपत्रकात ४ ओहमसाठी प्रत्येक बाजूस ३१५ वॅट असा आकडा आहे. परंतु तो १० टक्के विकृतीला आणि ५० व्होल्टहून अधिक पुरवठ्याला दिलेला आहे. १० टक्के विकृती म्हणजे कानाला स्पष्टपणे फाटलेला आवाज. खोक्यावर '३०० वॅट' छापलेले असते आणि आत ३२ व्होल्टचा ॲडॅप्टर असतो. वरचेच सूत्र पुन्हा वापरा. विवर्धकाचे शिखर पुरवठ्याच्या व्होल्टेजपलीकडे जाऊ शकत नाही. ८ ओहमला २४ व्होल्टवर जास्तीत जास्त ३६ वॅट, ३२ व्होल्टवर ६४ वॅट आणि ४८ व्होल्टवर १४४ वॅट मिळतील. प्रत्यक्षात याहून थोडे कमीच.

यापुढे ॲडॅप्टरची एकूण क्षमता पाहा. ३२ व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे १६० वॅट. ९० टक्के कार्यक्षमता धरल्यास दोन्ही बाजू मिळून अखंड १४४ वॅट. चार बाजू असोत की आठ, या भिंतीपलीकडे कोणतीही जाहिरात जाऊ शकत नाही.

(आ) आपली गरज किती, ते काढा. स्पीकरच्या माहितीत संवेदनशीलता दिलेली असते. समजा ती १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल आहे. मोकळ्या हवेच्या गणिताने ३ मीटरवर सुमारे साडेनऊ डेसिबल घटतात, दोन स्पीकरमुळे सुमारे ३ वाढतात. म्हणजे अवघ्या १ वॅटला बसल्या जागी ८० डेसिबल. १० वॅटला ९०, ५० वॅटला ९७. वॅट दुप्पट केले की केवळ ३ डेसिबल वाढतात, हे सूत्र पाठच करावे. दहा बाय बाराच्या खोलीत ५० वॅटचे प्रामाणिक यंत्र पुरून उरते. घरात ऐकताना आपण बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्च करीत असतो.

(इ) दोन्ही यंत्रे एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची आणि एकाच क्षमतेच्या ॲडॅप्टरची असावीत. यंत्र संकेताचे व्होल्टेज किती पट वाढविते, त्यास 'गेन' म्हणतात. दोन यंत्रांचे गेन भिन्न असल्यास खर्ज आणि तीव्र स्वर यांचा तोल बिघडतो. स्पीकर बनविणाऱ्याने तो तोल काळजीपूर्वक साधलेला असतो. म्हणून शक्य तर पुढे व्हॉल्यूमचे बटण नसलेले, ठरावीक गेनचे यंत्र घ्यावे आणि आवाज कमी-जास्त करण्याचे काम आधीच्या एकाच यंत्रावर, म्हणजे प्रीॲम्प्लिफायरवर, सोपवावे.

(ई) अंतिम चाळणीनंतर दोष सुधारण्याची सोय आहे का, ते पाहा. स्वस्त यंत्रात ती नसते. मग अतितीव्र स्वरांची पातळी स्पीकरच्या ओहमप्रमाणे बदलते. ४ ओहमला एक, ८ ओहमला दुसरी. ट्वीटरकरिता वापरावयाच्या यंत्रात ही सोय असलेली बरी.

(उ) शांत वेळी ट्वीटरला कान लावून सुसाट ऐका. सक्रिय पद्धतीत ट्वीटर विवर्धकास जवळजवळ थेट जोडलेला असतो, म्हणून यंत्राची सूक्ष्म कुजबुजही ऐकू येते. तसेच यंत्र चालू-बंद करताना 'धप्' असा आवाज येत असेल, तर ते ट्वीटरसाठी वापरू नये. सक्रिय पद्धतीत ट्वीटरच्या मार्गात संरक्षणासाठी योग्य मापाचा कपॅसिटर ठेवावा.

(ऊ) ॲडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह पाहा. घरातील २३० व्होल्ट आणि आपले बोट यांच्यामध्ये तेवढा एकच पडदा असतो. दोन यंत्रे एकमेकांवर रचू नयेत. कमी तापणारे यंत्रही हवेवाचून तापतेच.

५. जोडणी आणि माझी चूक

या वर्गातील बहुतेक यंत्रांत स्पीकरच्या काळ्या टर्मिनलवर 'शून्य' किंवा 'जमीन' नसते. तांबडे व काळे अशी दोन्ही टर्मिनल विवर्धकाच्या दोन अर्ध्या भागांनी चालविलेली असतात. एक वर जाते तेव्हा दुसरे खाली. या रचनेस 'ब्रिज' म्हणतात. कमी व्होल्टेजच्या एकाच पुरवठ्यातून अधिक वॅट काढण्यासाठी ती केलेली असते. याचा अर्थ असा, की दोन बाजूंची काळी टर्मिनल एकमेकांस कधीही जोडली जाता कामा नयेत.

मला हे ठाऊक नव्हते. शहराबाहेर बदली झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने आपली स्पीकरची जुनी जोडी माझ्या हवाली केली होती. मी दोन छोटे विवर्धक आणले, तांबड्या टर्मिनलांवरील पट्ट्या काढल्या आणि काळ्या तशाच ठेवल्या. काळी तार म्हणजे जमीन, ती एकत्र असली तर काय बिघडते, असा शाळेतल्या विजेरी-दिव्याच्या प्रयोगातून आलेला माझा समज. गाणे सुरू झाले. मी एका यंत्राचे बटण थोडे पुढे फिरविले आणि आवाज थांबला. यंत्रातील संरक्षक मंडलाने धोका ओळखून स्वतःस बंद केले होते. ते सूचना देत होते. मी ती मानली नाही. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, पुन्हा केले. तिसऱ्या खेपेस एक बाजू कायमची मुकी झाली. दोष यंत्राचा नव्हता, न वाचता जोडणाऱ्याचा होता.

म्हणून जोडणीचा क्रम असा ठेवावा.

१) सर्व ॲडॅप्टर भिंतीतून काढावेत.
२) स्पीकरच्या दोन्ही पट्ट्या, तांबडी आणि काळी, काढून ड्रॉवरमध्ये ठेवाव्यात, टाकू नयेत.
३) मल्टिमीटरने वरच्या व खालच्या काळ्या टर्मिनलांमध्ये संबंध नाही, याची खात्री करावी. संबंध आढळल्यास ती पेटी अशा यंत्रांसाठी योग्य नाही.
४) प्रीॲम्प्लिफायरचा संकेत आरसीए वायरच्या 'वाय' जोडाने दोन यंत्रांना द्यावा. संकेत असा विभागता येतो. परंतु दोन यंत्रांचे संकेत अशा जोडाने एकत्र कधीही करू नयेत.
५) स्पीकरच्या तारा जोडून एकही मोकळा तंतू शेजारच्या टर्मिनलला लागत नाही, हे पाहावे.
६) आवाज अगदी कमी ठेवून यंत्रे चालू करावीत. एखादे यंत्र स्वतः बंद पडले, तर कारण सापडेपर्यंत ते पुन्हा चालू करू नये.

६. मापन आणि एक जुनी क्यासेट

माझे वडील तरुणपणी जलशात गात. ऐंशीच्या दशकातील त्यांच्या आवाजाची एकच क्यासेट घरात आहे. तिचे संगणकावर रूपांतर करून घेतले होते. स्पीकरचा हा सारा खटाटोप खरे तर त्या एका क्यासेटसाठी होता.

बिघडलेल्या यंत्राच्या जागी मी दुसऱ्या बनावटीचे यंत्र आणले आणि आडवी मांडणी केली. पट्ट्या या वेळी चारही काढल्या. क्यासेट लावली. आवाज भारदस्त होता, भरीव होता, पण शब्द कळत नव्हते. बाबा जणू तोंडावर उपरणे धरून गात होते. आई दोन मिनिटे ऐकून म्हणाली, "कोण गातंय हे?"

स्पीकर बदलावेत का, या विचारात आठवडा गेला. शेवटी मल्टिमीटर काढला. स्पीकरच्या तारा सोडवून मोबाईलवरून १०० हर्ट्झचा एकसुरी स्वर दिला, मीटर एसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक यंत्राच्या तांबड्या व काळ्या टर्मिनलांमधील व्होल्टेज मोजले. वूफरच्या यंत्रावर २ व्होल्ट होते आणि ट्वीटरच्या यंत्रावर १.४ व्होल्ट. दोन्ही बटणे डोळ्यांना एकाच खुणेवर दिसत होती. फरक मात्र सुमारे ३ डेसिबलचा होता.

मानवी भाषेत स्वरांचे बळ खालच्या वारंवारतेत असते आणि 'स', 'श', 'त', 'च' या व्यंजनांची ओळख मुख्यतः वरच्या वारंवारतेत. आपला कानही २,००० ते ४,००० हर्ट्झच्या भागात सर्वांत तीक्ष्ण असतो. नेमक्या त्याच सीमेवर क्रॉसओव्हर असतो. ट्वीटर ३ डेसिबलने मागे पडला की आवाज राहतो आणि शब्द बुजतात. मी बटण फिरवून दोन्ही व्होल्टेज सारखी केली. दोन्हींतील फरक ३ टक्क्यांच्या आत असला म्हणजे तो फार तर सुमारे पाव डेसिबल असतो. घरासाठी एवढे पुरेसे आहे. तारा पुन्हा लावून क्यासेट सुरू केली. पहिली ओळ संपण्याआधी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आता ह्यांचा आवाज लागला," म्हणाली, आणि खाली बसून राहिली.

अभ्यास येथे संपला असता, तर मी बायॲम्पिंगचा प्रचारक झालो असतो. पण एक तपासणी उरली होती. पट्ट्या पुन्हा लावून, वूफरच्या टर्मिनलला जोडलेले दुसरे यंत्र पूर्णपणे सोडवून, मी एकाच यंत्रावर पेटी चालविली. व्होल्टेज मीटरने तेवढेच ठेवले. मुलाने मला न दिसेल अशा रीतीने दहा वेळा जोडणी कधी बदलली, कधी न बदलता तसे भासविले, आणि प्रत्येक वेळी मी माझे मत कागदावर लिहिले. दहापैकी पाच उत्तरे बरोबर आली. नाणे उडविले असते तरी साधारण तेवढीच आली असती. दहा हा आकडा लहान आहे आणि माझे कान पन्नाशी ओलांडलेले आहेत, हे मान्य. परंतु माझ्या खोलीत, माझ्या आवाजाच्या पातळीवर, शब्द स्पष्ट झाले ते दोन यंत्रांमुळे नव्हे, तर तोल सांभाळल्यामुळे, हे कागदाने सांगितले. आणि तो तोल एका यंत्रात मुळातच बिघडलेला नव्हता. तो मीच दुसरे यंत्र आणून बिघडविला होता.

७. निष्कर्ष

(१) स्पीकर ८ ओहमचे, खोली लहान आणि आवाज माफक असेल, तर निष्क्रिय बायॲम्पिंगसाठी दोन स्वस्त यंत्रे घेण्यापेक्षा चांगल्या ॲडॅप्टरचे एकच उत्तम यंत्र घ्यावे.

(२) स्पीकर ४ ओहमचे असतील, मोठ्याने ऐकावयाचे असेल आणि ॲडॅप्टर अपुरा पडत असेल, तर दोन एकसारख्या यंत्रांची उभी मांडणी उपयुक्त ठरू शकते. परंतु त्याआधी अधिक व्होल्ट आणि अधिक अँपिअरचा, त्या यंत्राला चालणारा ॲडॅप्टर मिळतो का, ते पाहावे. बहुधा तो मार्ग स्वस्त पडतो.

(३) बायॲम्पिंगचा खरा लाभ सक्रिय पद्धतीत आहे. पण तिच्यात पेटी उघडावी लागते, वाटणीची वारंवारता व पातळी मोजून ठरवावी लागते आणि चुकल्यास ट्वीटर जळतो. ज्याच्याजवळ मोजण्याचे साधन आणि धीर आहे, त्यानेच या वाटेला जावे.

(४) कोणत्याही मार्गात मल्टिमीटर ही पहिली खरेदी असावी. ते विवर्धकापेक्षा स्वस्त आहे आणि कोणाच्याही शब्दाला भुलत नाही.

आता आमच्या घरी एकच यंत्र आहे. पट्ट्या जागेवर आहेत. दुसरे यंत्र एका विद्यार्थ्याला दिले. त्याने त्यावर खोलीतील लहान स्पीकर लावून अभ्यासाच्या ध्वनिफिती ऐकण्याची सोय केली. मुके झालेले यंत्र मात्र मी टाकले नाही. विज्ञानाच्या वर्गात ते उघडून मुलांना कॉईल, कपॅसिटर आणि चिप दाखविण्याच्या कामी येते. झाकणाच्या आतील बाजूस मी एक वाक्य लिहून ठेवले आहे : 'काळ्या पट्ट्याही काढा.'

स्वाध्याय

१) एका खोक्यावर '२०० वॅट' लिहिले आहे. आत २४ व्होल्ट, ४ अँपिअरचा ॲडॅप्टर आहे. ८ ओहमच्या स्पीकरला एका बाजूस जास्तीत जास्त किती वॅट मिळतील? ९० टक्के कार्यक्षमता धरून दोन्ही बाजू मिळून अखंड किती?
२) निष्क्रिय आणि सक्रिय बायॲम्पिंगमध्ये ट्वीटरच्या विवर्धकास किती व्होल्टपर्यंत जावे लागते, ते वरील १० व्होल्टच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
३) आपल्या घरातील कोणत्याही एका विद्युत उपकरणाच्या जाहिरातीतील दावा आणि त्याच्या ॲडॅप्टरवरील किंवा पाठीवरील आकडे ताडून पाहा आणि दोन्हींत मेळ बसतो का, ते दहा ओळींत लिहा.